परभणी जिल्ह्यातील आपत्कालीन वैद्यकीय व बचाव सेवा

परभणी जिल्ह्यातील आपत्कालीन वैद्यकीय व बचाव सेवा म्हणजे महाराष्ट्रातील परभणी जिल्ह्यात अपघात, पूर, सर्पदंश, विषबाधा, प्रसूतीतील गुंतागुंत अशा प्रसंगी रुग्णाला वा संकटग्रस्ताला तातडीची मदत पोहोचविणारी शासकीय आणि स्वयंसेवी व्यवस्था होय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा, प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयापर्यंतची आरोग्य यंत्रणा, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, अग्निशमन दल व पोलीस हे तिचे शासकीय घटक आहेत. नदीकाठचे नावाडी व पट्टीचे पोहणारे, सर्पमित्र, आशा स्वयंसेविका आणि अपघातस्थळी धावून जाणारे ग्रामस्थ हे तिचे अनौपचारिक घटक आहेत. मोठी रुग्णालये व प्रशिक्षित बचाव दले दूर असल्यामुळे या जिल्ह्यात पहिल्या तासाचा भार प्रामुख्याने स्थानिक माणसांवर पडतो. त्यांचे प्रशिक्षण, साधने, विमा व सेवाशर्ती हे या क्षेत्रातील प्रमुख प्रश्न आहेत.

## भौगोलिक पार्श्वभूमी

परभणी जिल्हा मराठवाड्यात गोदावरीच्या खोऱ्यात वसलेला आहे. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम व पूर्णा हे नऊ तालुके या जिल्ह्यात राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६ आहे.

गोदावरी ही जिल्ह्याची मुख्य नदी आहे. काठचे लोक तिला ‘गंगा’ म्हणतात आणि गंगाखेड हे गावाचे नावही त्यावरूनच रूढ झाले आहे. पूर्णा आणि दुधना या इतर मोठ्या नद्या आहेत. दुधना पूर्णेला आणि पूर्णा पुढे गोदावरीला मिळते. उत्तरेकडे जिंतूर तालुक्यात आणि दक्षिणेकडे गंगाखेड परिसरात डोंगराळ भाग आहे. उरलेला बहुतांश प्रदेश काळ्या कसदार जमिनीचा आहे. पावसात ही माती चिकट होते आणि शेतरस्त्यांवरून चारचाकी वाहन जाणे कठीण होते. वस्ती, तांडा किंवा आखाड्यावरील रुग्णाला पक्क्या रस्त्यापर्यंत बाजेवर, बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून आणावे लागण्याचे मुख्य कारण हेच आहे.

कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक ६१) पाथरी, मानवत व परभणी या गावांवरून नांदेडकडे जातो. परभणी आणि पूर्णा ही रेल्वेची जंक्शन स्थानके आहेत. ऊस गाळपाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्री रस्त्यावर असतात. मागील बाजूस परावर्तक पट्ट्या नसलेली, बंद पडून उभी राहिलेली ट्रॉली हे या पट्ट्यातील रात्रीच्या अपघातांचे एक परिचित कारण आहे.

## पूर्वेतिहास

परभणी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. राज्य पुनर्रचनेनंतर ते मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. पुढील अनेक दशके ग्रामीण भागात आपत्कालीन वाहतुकीची स्वतंत्र व्यवस्था नव्हती. आरोग्य केंद्राचे वाहन उपलब्ध असल्यास ते, नाहीतर खासगी जीप, मालवाहू टेम्पो किंवा एस. टी. बस हाच आधार होता. अशा वाहनांत रुग्णाची केवळ वाहतूक होत असे; वाटेत उपचार मिळत नसत.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपाने संपूर्ण मराठवाड्याला हादरा दिला. त्यात सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. ढिगाऱ्याखालील माणसे प्रारंभी गावकऱ्यांनीच हातांनी व शेतीच्या अवजारांनी बाहेर काढली. या आपत्तीनंतर राज्यात आणि जिल्ह्यांत आपत्ती व्यवस्थापनाचे आराखडे करण्याच्या कामाला चालना मिळाली. पुढे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणे स्थापन करणे बंधनकारक झाले.

## १०८ रुग्णवाहिका सेवा

१०८ हा क्रमांक १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथून सुरू झालेल्या सेवेमुळे देशभर परिचित झाला. महाराष्ट्रात ‘महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा’ या नावाने ही सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने ती ‘भारत विकास ग्रुप’ या खासगी कंपनीमार्फत चालविण्यास दिली. प्रारंभी राज्यासाठी ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रणालीच्या आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक प्रणालीच्या होत्या. प्रगत रुग्णवाहिकेत कृत्रिम श्वसन यंत्र, हृदयाचे ठोके दर्शविणारा मॉनिटर व विद्युत धक्का देणारे यंत्र असते. प्राथमिक रुग्णवाहिकेत प्राणवायू, स्ट्रेचर, रक्तस्राव थांबविण्याचे व अस्थिभंगाला आधार देण्याचे साहित्य आणि आवश्यक औषधे असतात.

दूरध्वनी केल्यावर तो पुण्यातील औंध येथील मध्यवर्ती प्रतिसाद केंद्रात जातो. तेथे ठिकाण व रुग्णाची स्थिती नोंदवून सर्वांत जवळच्या वाहनाला सूचना दिली जाते. शहरी भागात २० मिनिटांत आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत रुग्णापर्यंत पोहोचणे हे उद्दिष्ट ठरविण्यात आले. दूरध्वनी करणाऱ्याने गावाबरोबर तालुक्याचे नाव आणि एखादी ठळक खूण सांगणे महत्त्वाचे ठरते, कारण एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत असतात व शेतातील आखाड्याला पत्ता नसतो.

बहुतेक राज्यांत रुग्णवाहिकेत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्रात मात्र प्रत्येक वाहनावर डॉक्टर ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले. हे डॉक्टर प्रामुख्याने आयुर्वेद व होमिओपॅथी या शाखांचे पदवीधर असून त्यांना आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण दिले जाते. चालकाला या सेवेत ‘पायलट’ असे म्हणतात. वाहनावर सामान्यतः हे दोघेच असतात. त्यामुळे जड रुग्णाला विहिरीच्या काठावरून, चिखलातून किंवा उलटलेल्या वाहनातून उचलून आणताना जमलेल्या ग्रामस्थांची मदत अपरिहार्य ठरते.

२०११ ची राज्याची लोकसंख्या आणि ९३७ वाहने विचारात घेतली तर सरासरी सुमारे १ लाख २० हजार लोकांमागे एक रुग्णवाहिका येते. हे प्रमाण परभणीच्या लोकसंख्येस लावल्यास जिल्ह्याच्या वाट्याला साधारण १५ वाहने येतात. सरासरीत अंतर लपलेले असते. जिंतूरच्या डोंगराळ भागातील किंवा पालम तालुक्यातील नदीकाठच्या गावातून निघालेले वाहन रुग्णाला परभणी किंवा नांदेडला पोहोचवून परत येईपर्यंत कित्येक तास त्या परिसरात दुसरे वाहन नसते.

२०२४ मध्ये राज्य शासनाने या सेवेचा नवा दहा वर्षांचा करार केला. त्यात वाहनांची संख्या वाढवून १,७५६ करण्याचे नियोजन आहे.

### अन्य क्रमांक

गरोदर स्त्रिया व आजारी नवजात बालके यांना रुग्णालयात नेणे आणि परत घरी पोहोचविणे यासाठी १०२ हा क्रमांक आहे. ही सेवा १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाशी जोडलेली असून विनामूल्य आहे. पोलीस व अन्य सर्व आपत्कालीन मदतीसाठी ११२ हा एकत्रित क्रमांक आहे. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हा क्रमांक वापरला जातो.

## रुग्णालयांची साखळी

गंभीर रुग्ण प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय या क्रमाने वर पाठविला जातो. परभणी येथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्यापूर्वी मेंदूची इजा, गुंतागुंतीचे अस्थिभंग, मोठ्या प्रमाणात भाजलेले रुग्ण यांना प्रामुख्याने सुमारे ७० किलोमीटरवरील नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात किंवा औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) घाटी रुग्णालयात न्यावे लागे. विशेषज्ञ सेवांसाठी रुग्णांना पुढे पाठविण्याची ही प्रथा अद्याप पूर्णपणे थांबलेली नाही. एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात होणाऱ्या अशा लांबच्या वाहतुकीमुळे १०८ ची वाहने अडकून पडतात.

कोविड साथीच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, परभणीच्या जिल्हा रुग्णालयातील प्राणवायूच्या वाहिनीवर झाडाची फांदी कोसळून गळती झाली. कर्मचाऱ्यांनी तातडीने हालचाल केल्यामुळे अतिदक्षता विभागातील रुग्ण बचावले.

## पूर आणि पाण्यातील बचाव

परभणीतील पुराचे वैशिष्ट्य असे की तो स्थानिक पावसाविनाही येऊ शकतो. गोदावरीवर वरच्या बाजूस पैठणचे जायकवाडी धरण आहे आणि सिंदफणा नदीवर माजलगाव धरण आहे. पूर्णा नदीवर जिंतूर तालुक्यात येलदरी आणि त्याखाली हिंगोली जिल्ह्यात सिद्धेश्वर धरण आहे. दुधनेवर सेलू तालुक्यात निम्न दुधना प्रकल्प आहे. या धरणांतून एकाच वेळी विसर्ग सुरू झाला तर त्याचा परिणाम पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा तालुक्यांतील काठच्या गावांवर होतो. गोदावरी दुथडी भरून वाहत असली की उपनद्या व ओढ्यांचे पाणी तिच्यात न सामावता मागे फुगते. त्यामुळे नदीपासून आत असलेल्या गावांचेही रस्ते बंद होतात.

ऑगस्ट २००६ मधील गोदावरीचा महापूर, सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांत झालेली अतिवृष्टी आणि सप्टेंबर २०२५ मधील मराठवाड्यातील पूर या अलीकडील प्रमुख घटना होत. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीतून मोठा विसर्ग करावा लागल्याने काठच्या गावांना सतर्कतेचा इशारा देण्यात आला होता.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या धुळे व नागपूर येथे आहेत. पुण्याहून परभणी सुमारे ४०० किलोमीटर असल्याने पथकाला रस्त्याने येण्यास अनेक तास लागतात. बुडणारा माणूस मात्र काही मिनिटांतच वाचवावा लागतो. या मधल्या काळात नदीकाठचे भोई व कोळी समाजातील नावाडी, मासेमार आणि पोहणारे तरुण हेच बचावकार्य करतात. तहसील कार्यालये पावसाळ्यापूर्वी गावनिहाय पोहणाऱ्यांच्या व होड्यांच्या याद्या तयार करतात. तलाठी, पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्यामार्फत विसर्गाचा इशारा गावात दिला जातो.

अशा बचावकार्यातील धोके राज्यातील एका घटनेने स्पष्ट केले आहेत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ (तालुका पलूस) येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी स्थानिक होडी उलटून अनेकांचा मृत्यू झाला. क्षमतेपेक्षा अधिक माणसे बसविणे आणि जीवरक्षक जाकिटांचा अभाव हे दोन मुद्दे त्यानंतर राज्यभर चर्चेत आले. परभणीच्या नदीकाठीही ट्रॅक्टरच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब, दोर आणि तराफा ही साधने आजही वापरात आहेत.

## सर्पदंश व विषबाधा

खरीप हंगामात शेतात काम करणाऱ्यांना आणि जमिनीवर झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका अधिक असतो. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार प्रमुख विषारी सापांच्या विषावर एकच बहुप्रभावी प्रतिविष दिले जाते. दंश झालेला अवयव न हलविता स्थिर ठेवणे आणि रुग्णाला लवकरात लवकर रुग्णालयात नेणे हा योग्य प्रथमोपचार आहे. घट्ट आवळून बांधणे, जखम कापणे किंवा विष तोंडाने ओढणे हानिकारक ठरते. मण्यारचा दंश अनेकदा झोपेत होतो व तेथे वेदना किंवा सूज फारशी दिसत नाही. त्यामुळे उपचारास विलंब होण्याची शक्यता असते.

केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. शेजारच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले आणि महाड येथे कार्य केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे विंचूदंश व सर्पदंशावरील संशोधन या क्षेत्रात मान्यता पावले आहे. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

घरात निघालेला साप पकडून सोडण्याचे काम सर्पमित्र करतात. हे काम बहुधा विनामोबदला असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे सापांना संरक्षण असल्याने त्यासाठी वनविभागाशी समन्वय आवश्यक असतो. सापाशी खेळ करून दाखविणे व त्याची छायाचित्रे प्रसारित करणे यामुळे खुद्द सर्पमित्रांना दंश होण्याचे प्रकार राज्यात घडले आहेत.

कापूस व सोयाबीन पट्ट्यात कीटकनाशकांची विषबाधा ही दुसरी गंभीर आपत्ती आहे. फवारणी करताना श्वासावाटे किंवा त्वचेवाटे विष शरीरात जाते. अशा रुग्णाचे कपडे काढून अंग साबण व पाण्याने धुणे, त्याला बळजबरीने उलटी न करविणे आणि औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी रुग्णालयात सोबत नेणे उपयुक्त ठरते. मदत करणाऱ्यानेही स्वतःचे हात झाकणे आवश्यक असते.

## बंदिस्त जागांतील दुर्घटना

मे २०२३ मध्ये सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे शौचालयाच्या टाकीची सफाई करताना पाच मजुरांचा गुदमरून मृत्यू झाला आणि एक जण गंभीर झाला. बंद टाकीत मिथेन व हायड्रोजन सल्फाइड हे वायू साठतात आणि प्राणवायूचे प्रमाण घटते. अशा जागेत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. देशभरातील अशा दुर्घटनांत पहिल्याला वाचविण्यासाठी दुसरा व तिसरा खाली उतरतो आणि तोही दगावतो, असे वारंवार दिसून आले आहे. जुन्या, वापरात नसलेल्या विहिरी व धान्याची पेवे येथेही हाच धोका असतो. श्वसनसंचाशिवाय आत न उतरणे, झाकण उघडून हवा खेळू देणे आणि अग्निशमन दलाला बोलाविणे हा सुरक्षित मार्ग मानला जातो.

हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणारा कायदा २०१३ पासून अस्तित्वात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती ३० लाख रुपये करण्यात आली.

## स्वयंसेवी पथके

सह्याद्रीच्या पट्ट्यात गिर्यारोहकांची संघटित बचाव पथके आहेत. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’ आणि खोपोलीची ‘यशवंती हायकर्स’ ही त्यांतील परिचित नावे होत. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा स्थानिक गिर्यारोहक प्रारंभीच मदतीला पोहोचले. त्या मोहिमेत डोंगर चढताना अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. कोल्हापुरात ‘व्हाइट आर्मी’ ही संस्था पूरकाळात कार्य करते.

परभणीसारख्या सपाट, नदीकाठच्या जिल्ह्यात स्वयंसेवेचे स्वरूप वेगळे आहे. येथील मदतकर्ता बहुधा कोणत्याही पथकाचा सभासद नसतो. ज्या गावाजवळ दुर्घटना घडते तेथील माणूस त्या दिवसापुरता बचावकर्ता होतो. त्यामुळे त्याचे नाव कोठे नोंदले जात नाही आणि त्याला इजा झाल्यास भरपाईचा दावा कोणत्या आधारे करावा, हा प्रश्न निर्माण होतो.

ही उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना महत्त्वाची आहे. २०१६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आणि २०२१ पासून विस्तारित स्वरूपात ती राबविली गेली. देशातील ३५० आपत्तीप्रवण जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांना प्रशिक्षण देणे हे तिचे उद्दिष्ट होते. स्वयंसेवकाला १२ दिवसांचे प्रशिक्षण, साहित्याचा संच आणि विमा देण्याची तरतूद त्यात आहे.

## कायदेशीर संरक्षण

अपघातग्रस्ताला मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती दीर्घकाळ मदतीच्या आड येत होती. या संदर्भातील प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे आहेत :

- १९८९ : परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, जखमीवर तातडीने उपचार करणे हे शासकीय असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबविता येत नाहीत.
- ३० मार्च २०१६ : मदतकर्त्यांच्या संरक्षणासाठी केंद्राने आखलेल्या मार्गदर्शक तत्त्वांना सर्वोच्च न्यायालयाने बंधनकारक स्वरूप दिले.
- २०१९ : मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई करता येत नाही. त्याला नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्तीही करता येत नाही. याच दुरुस्तीने इजा झाल्यानंतरचा पहिला तास ‘सुवर्ण तास’ म्हणून कायद्यात नोंदविला गेला.
- ५ मे २०२५ : रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार देणारी केंद्राची योजना अधिसूचित झाली.

गंभीर जखमीला सुवर्ण तासात रुग्णालयात नेणाऱ्यास केंद्र शासनातर्फे २५,००० रुपयांचे पारितोषिक देण्याची तरतूदही २०२५ मध्ये करण्यात आली. हे संरक्षण रस्ते अपघातांपुरते आहे. पुरात उडी घेणारा किंवा विहिरीत उतरणारा मदतकर्ता मोटार वाहन कायद्याच्या कक्षेत येत नाही.

## प्रश्न व मागण्या

आपत्कालीन सेवेतील डॉक्टर व पायलट हे कंत्राटी कर्मचारी असतात. वेतनवाढ, नियमित पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुटी आणि सेवेतील कायमपणा या त्यांच्या राज्यभरातील प्रमुख मागण्या आहेत. रुग्ण दगावल्यास नातेवाइकांचा रोष प्रथम त्यांच्यावर ओढवतो. डॉक्टर व आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसाचार रोखण्यासाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. मात्र निर्जन रस्त्यावर दोघांच्याच पथकाला त्याचा प्रत्यक्ष आधार तत्काळ मिळत नाही. छिन्नविच्छिन्न देह, बालकांचे मृत्यू व आत्महत्येचे प्रसंग सातत्याने पाहिल्याने होणाऱ्या मानसिक आघातासाठी समुपदेशनाची सोय असावी, अशीही अपेक्षा व्यक्त होते.

स्वयंसेवकांच्या बाबतीत जीवरक्षक जाकिटे, दोर व विजेऱ्या ग्रामपंचायत स्तरावर उपलब्ध असणे, त्यांची पावसाळ्यापूर्वी तपासणी होणे, पोहणाऱ्यांच्या याद्या दरवर्षी अद्ययावत होणे आणि यादीतील प्रत्येकाला विम्याचे संरक्षण मिळणे या गरजा वारंवार पुढे येतात. शाळा व महाविद्यालयांत हृदय-श्वसन पुनरुज्जीवन, रक्तस्राव थांबविणे आणि पाण्यात न उतरता दोर, बांबू किंवा रिकामी घागर टाकून बुडणाऱ्याला वाचविणे यांचे प्रात्यक्षिक शिक्षण देणे हा त्यांतील सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. ज्या जिल्ह्यात पहिली मदत शेजाऱ्याकडूनच मिळणार असते, तेथे शेजाऱ्याचे प्रशिक्षण हा आपत्कालीन सेवेचाच भाग ठरतो.